मास्तरांच्या कोटाचा खिसा

“ती बाई मेलेली आहे,” आठल्ये सर म्हणाले. “आणि शेवटी मरते असं नव्हे. पहिल्या भागापासून मेलेली आहे. ती एकटीच नाही, ते सगळं गावच मेलेलं आहे.”

कराडच्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्या रविवारी दुपारी साठेक माणसं बसली होती. समोरच्या भिंतीवर किनूचा चेहरा एवढा मोठा पडला होता की तिच्या भुवईचा केसन्‌केस मोजावा. मला आधी वाटलं, सर दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. पण त्यांच्या हातातली काठी किनूच्याच छातीवर टेकली होती. 

किनू म्हणजे एका जपानी मालिकेतली बाई. समुद्राकाठचं मिठागरांचं एक खेडं, शंभर वर्षांपूर्वीचा काळ, आणि सासरी राबणारी ही विधवा. अकरा भाग. शेवटच्या भागात ती शिवणाचा डबा काखेला मारते, सासूला वाकून नमस्कार करते आणि होडीत बसून निघून जाते. पुढं काय ते दाखवत नाहीत. पण दहाव्या भागात तिनं पलीकडच्या गावात एक रिकामी खोली बघून ठेवलेली असते, त्यामुळं कुठं गेली हे शेंबड्या पोरालाही कळावं. मी ती मालिका तीनदा बघितली होती.

माझं नाव प्रमिला माळवदे. धंदा शिवणाचा. वडील कराडात कोट शिवायचे, त्यांच्याकडून शिकले आणि मग बायकांच्या कपड्यांकडं वळले. लग्न झालं नाही. का झालं नाही, त्याची इथं गरज नाही. भावाच्या घरी राहायचे. मुकुंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, सज्जन माणूस, वहिनीही चांगली. स्वयंपाकघरातून परसात जाणाऱ्या बोळात माझं मशीन होतं. येणारा-जाणारा माझ्या खुर्चीला धक्का देऊन जायचा आणि मी टाका सावरायचे. वीस वर्षं असं चाललं होतं आणि कुणाचीच काही तक्रार नव्हती, माझीसुद्धा.

जपानी मालिकांचा नाद लागला तो मराठी मालिकांना कंटाळून. मशीनच्या समोरच्या भिंतीला मोबाईल टेकवायचा आणि शिवता शिवता बघायचं. भाषा कळायची नाही. खाली इंग्रजी ओळी पळायच्या, माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, त्यामुळं निम्मं वाचायचं आणि निम्मं चेहऱ्यावरून ओळखायचं. पण त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांच्या मालिका संपतात. दहा भाग, फार तर अकरा, आणि झालं. बाई एकदा रडली की रडली, तीन बाजूंनी तीनदा रडत नाही.

आता सगळ्याच चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. एक इन्स्पेक्टरची होती. तो दहाही भाग एकच पावसाळी कोट घालून हिंडतो, आणि खुनी कोण हे मी दर भागात पहिल्या दहा मिनिटांत सांगायचे, कारण ज्याचे कपडे नवेकोरे तो खुनी. एक ऑफिसातल्या जोडीची होती. त्यांनी नवव्या भागात एकमेकांचा हात धरला. नवव्या. मी तोवर सहा परकर-पोलकी आणि एक नऊवारी शिवून मोकळी झाले होते. सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्या म्हातारीची एक होती, ती मात्र सोन्यासारखी. आणि या सगळ्यांच्या वर किनू.

किनूनं माझं डोकं फिरवलं, हे कबूल करते. ती घर सोडताना भांडत नाही, छळ होत होता असंही सांगत नाही. तिला नुसतं स्वतःच्या दाराशी बसून शिवायचं असतं. तिसऱ्यांदा तो शेवट बघितला आणि दुसऱ्याच दिवशी मी बाजारपेठेतल्या बागवानकाकांना जाऊन विचारलं, तुमचा तो कोपऱ्यावरचा गाळा रिकामा आहे ना. ते म्हणाले, आहे, पण मागणारे खूप आहेत, बारा तारखेच्या सोमवारी सकाळपर्यंत हो-नाही सांगा, करार करून टाकू. वर एक खोली होती. म्हणजे दुकान खाली आणि मी वर. घरी सांगितलं तेव्हा मुकुंदचा चेहरा पडला.

“आक्का, तुला इथं काय कमी आहे?” तो म्हणाला.

याचं उत्तर मला देता आलं नाही. कमी काहीच नव्हतं. विचार करून सांगते, म्हटलं.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी आठल्ये सर सांगत होते, की किनू मेलेली आहे.

केशव आठल्ये सर म्हणजे आमच्या रसिक मंडळाचे अध्यक्ष. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, वाचन दांडगं, बोलणं ऐकत राहावं असं. जपानी मालिकांवर त्यांची दोन रविवारची दोन व्याख्यानं होती. पहिल्यात सिद्धान्त, दुसऱ्यात शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून बघायचा आणि चर्चा. या विषयावर त्यांनी चाळीस पानांचा लेख लिहिला होता आणि तो एका त्रैमासिकाकडं जायचा होता.

त्यांनी भिंतीवर तीन चित्रं दाखवली. दोन दुसऱ्या मालिकांतली, एक किनूचं. जपानी झग्याच्या दोन बाजू छातीवर एकमेकींवर येतात. “नीट बघा,” सर म्हणाले, “जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. पुरुष असो, बाई असो. उजवी बाजू वर फक्त प्रेताची घेतात. हा त्यांचा रिवाज आहे. आणि किनूची कुठली वर आहे?”

उजवी वर होती. म्हाताऱ्या सासूची उजवी, होडीवाल्याची उजवी, पोरांचीही उजवी. हॉलमध्ये हळूहळू कुजबुज वाढली. मग सरांनी दाखवलं की त्या गावात सगळे डाव्या हातानं जेवतात. मग ते म्हणाले, आपल्याकडं श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घेतात, अपसव्य करतात, कारण पितरांचं सगळं उलटं. दिग्दर्शकानं एक अख्खं गाव अपसव्य उभं केलं आहे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला जी लाट दाखवतात, त्या लाटेत हे गाव कधीच बुडालं. आणि शेवटी किनू होडीत बसते ते कुठल्या दुसऱ्या गावाला जायला नव्हे. घर सोडून स्वतंत्र झालेली बाई म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण त्या काळात त्या बाईला सुटका एकच होती, ती म्हणजे मरण.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी हात वर केला. मला बोलायची सवय नाही, आवाज चिरकला. मी म्हटलं, सर, पण तिनं पलीकडच्या गावात खोली बघितली होती, दहाव्या भागात, ती तिथं दुकान घालणार होती.

सर प्रेमानं हसले. वाईट त्यात काही नव्हतं, विद्यार्थ्याकडं बघून हसावं तसे हसले.

“प्रमिलाताई, तुम्ही गोष्ट बघता. मी खुणा बघतो.”

सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेतल्या एक बाई, ज्यांचे सगळे ब्लाऊज मी शिवते, त्या मागं वळून हसल्या. मी खाली बसले.

खरी गोष्ट सांगायची तर मला हसण्याचं इतकं लागलं नाही. लागलं ते हे, की माझ्याकडं उत्तर नव्हतं. उजवी बाजू वर आहे हे मीही पहिल्या दिवसापासून बघत होते. आपल्या ब्लाऊजची, बायकांच्या शर्टाची उजवी बाजूच वर असते, म्हणून मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. घरी जाऊन मी मोबाईलवर शोधलं. सर म्हणत होते ते अक्षरशः खरं निघालं. डावी वर जिवंतांची, उजवी वर मेलेल्यांची.

मग माझा धीर सुटला. एका खोट्या बाईच्या नादानं मी वीस वर्षांचं घर सोडायला निघाले होते, आणि ती बाई कुठं गेलीच नव्हती, ती मेली होती. मला स्वतःचीच लाज वाटली. बुधवारी जेवताना मी मुकुंदला सांगितलं, गाळ्याचं राहू दे. गुरुवारी त्यानं वायरमनला बोलावून माझ्या मशीनवर नवीन ट्यूबलाइट बसवून घेतली. वहिनीनं बासुंदी केली. इतकी माया केली दोघांनी, की माझ्या घशाखाली बासुंदी उतरेना.

दुसऱ्या रविवारी मी जाणार नव्हते. पण ग्रंथपाल उज्ज्वला कुंभोजकर माझी मैत्रीण, तिनं फोन करून सांगितलं की शेवटचा भाग अख्ख्या भिंतीवर दाखवणार आहेत. मोबाईलवर किनू माझ्या बोटाएवढी दिसायची. म्हटलं, मेलेली तर मेलेली, एकदा मोठी बघून येऊ. बागवानकाकांना सोमवारी सकाळी नाही म्हणून सांगायचं मनात पक्कं होतं.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. सरांनी आपला लॅपटॉप लावला, खिडक्यांचे पडदे ओढले आणि शेवटचा भाग सुरू केला.

किनू डबा बांधते. सासू बघत बसते. किनू वाकून नमस्कार करते. मग धक्क्यावर येते. धक्क्यावर शाळेचे मास्तर तिला निरोप द्यायला उभे असतात. हे मास्तर सगळ्या मालिकेत दोनदाच येतात. गावात सगळे झगेवाले, हे एकटेच शहरातून आलेले, म्हणून त्यांच्या अंगावर साहेबी कोट. मोबाईलवर ते मला काळ्या ठिपक्यासारखे दिसले होते. आज ते भिंतीवर सात फुटी उभे राहिले.

माझं लक्ष किनूवरून उडालं. काय कोट होता. कॉलर अशी बसवलेली की मानेवर एक सुरकुती नाही. खांद्याचा उतार, बाहीची चूण, सगळं हातानं केलेलं. वडील असते तर त्यांनी उठून भिंतीजवळ जाऊन बघितला असता. मी वरपासून खाली नजर फिरवली आणि छातीवरच्या खिशाशी येऊन अडकले.

खिसा उजवीकडं होता.

मी डोळे चोळले. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा डावीकडं असतो. कराडात, मुंबईत, विलायतेत, कुठंही. वडिलांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही. मग मी बटणं बघितली. पुरुषाची डावी बाजू वर येते आणि बटणं उजव्या बाजूला असतात. मास्तरांचं बरोबर उलटं. साहेबी कोट घातलेल्या पुरुषाला बायकांसारखी बटणं होती.

शिंपी चुकला म्हणावं, तर ज्यानं ती कॉलर तशी बसवली तो खिसा चुकीच्या बाजूला लावणार नाही. मास्तर मेलेले आहेत म्हणून मुद्दाम उलटं केलं म्हणावं, तर प्रेताचा रिवाज झग्याला आहे. साहेबी कोटाला कुठल्या देशात असला रिवाज ऐकलाय? मग एकच गोष्ट उरत होती. कोट उलटा नव्हता. चित्र उलटं होतं.

मी उठून उभी राहिले. 

“सर, थांबवा,” मी म्हटलं.

सरांनी भाग थांबवला. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. आता ही शिंपीणबाई परत काय म्हणणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी चालत पुढं गेले, कारण तिथून ओरडून सांगणं मला जमलं नसतं.

“मास्तरांच्या कोटाचा खिसा बघा,” मी सरांना म्हटलं. “उजवीकडं आहे. तुमच्या कोटाचा कुठं आहे?”

सर व्याख्यानाला नेहमी कोट घालून येत. त्यांनी नकळत छातीवर हात नेला. खिसा डावीकडं होता आणि त्यात पेन होतं.

सर म्हणाले, हीही एक खूणच असेल, मास्तरही त्या उलट्या जगातलेच. मी म्हटलं, सर, कोटाची खूण मला सांगू नका. झग्यातलं तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं, कोटातलं तुम्ही माझं ऐका. मग मी बटणांचं सांगितलं, डावी बाजू वर का येते ते सांगितलं, आणि हॉलमधल्या पुरुषांना आपापल्या शर्टाकडं बघायला सांगितलं. तीस-चाळीस पुरुष मान खाली घालून आपली बटणं बघत बसलेत, असं दृश्य मी पुन्हा कधी बघितलं नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून केबलवाले मुलाणी उठले. अर्ध्या कराडात त्यांचीच केबल आहे.

“सर, ही मालिका तुम्ही रीतसर विकत घेतलेली की कुणीतरी इंटरनेटवर चढवलेली?” त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, एका मित्रानं उतरवून दिली.

मुलाणी हसायला लागले. मग त्यांनी सांगितलं, की चोरून मालिका चढवणारे लोक चित्र आरशातल्यासारखं फिरवून टाकतात, म्हणजे मालकाच्या यंत्राला ती ओळखू येत नाही आणि पकडले जात नाहीत. खालच्या इंग्रजी ओळी नंतर घालतात, म्हणून त्या तेवढ्या सुलट्या. धंद्यातली ही जुनी युक्ती आहे म्हणाले. मी मोबाईलवर बघितली ती आणि सरांनी बघितली ती, दोन्ही त्याच एका चोराची असणार.

सरांचा चेहरा उतरला, पण माणूस हट्टी होता आणि हट्टी असायला हवंच, चाळीस पानं लिहिली होती त्यांनी. ते म्हणाले, तुमची युक्ती असेल, पण याच मालिकेत ती केली आहे याला पुरावा काय? मुलाणींनी विचारलं, एखादी पाटी आहे का यात? पाट्या हव्या तितक्या होत्या. पण आम्हा साठ माणसांत जपानी वाचता येणारं एकही नव्हतं. मराठी पाटी उलटी असती तर पोरानं सांगितलं असतं. जपानी पाटी सुलटी तरी आम्हाला कुठं कळत होती.

मी त्या पाट्यांकडं बघत राहिले. धक्क्यामागं एक न्हाणीघर दिसत होतं, त्याच्या दारावर पडदा आणि पडद्यावर एकच मोठं गोल वळणाचं अक्षर. ते मी ओळखलं. म्हातारीच्या न्हाणीघराच्या मालिकेत तसाच पडदा दहा भाग माझ्या डोळ्यांसमोर हलत होता.

“सर, मागच्या रविवारी तुम्ही तीन चित्रं दाखवलीत, त्यात न्हाणीघरवालीचं होतं,” मी म्हटलं. “ते लावा. मागं पडदा आहे.”

सरांनी स्वतः शोधून लावलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी आली. अक्षर तेच होतं, फक्त एकाचं पोट एका बाजूला आणि दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूला. सरांनी दोन्ही अक्षरांवर काठी टेकवून बघितली. मग लॅपटॉपच्या बाजूला झाले आणि मुलाणींना म्हणाले, “फिरवा.”

मुलाणींनी दोन-तीन बटणं दाबली आणि भिंतीवरचं सगळं जग गर्रकन फिरलं. इंग्रजी ओळी उलट्या झाल्या, त्यावर दोघं-तिघं हसले, पण बाकी कुणी हसलं नाही. मास्तरांचा खिसा डावीकडं आला. भाग पुढं चालू झाला, तसं होडीवाल्यानं उजव्या हातात वल्हं धरलं. आणि किनू वळली तेव्हा तिच्या झग्याची डावी बाजू वर होती.

“मग ही बाई...” सर म्हणाले आणि थांबले.

“जिवंत आहे, सर,” मी म्हटलं. “पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत जिवंत आहे. सगळं गाव जिवंत आहे. ती घर सोडून गेली, पलीकडच्या गावात उतरली, आणि तिनं दुकान घातलं.”

 मला वाटलं होतं मी जिंकल्यासारखी हसेन, पण मी रडायलाच लागले. त्या बाईला पुरून मी आठवडाभर तिचं सुतक धरलं होतं, आणि ती आपली होडीत बसून मजेत चालली होती. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. उज्ज्वला तर खुर्चीवर उभी राहून वाजवत होती. पहिल्या रांगेतल्या ब्लाऊजवाल्या बाईही वाजवत होत्या, आणि मी त्यांना त्याच क्षणी माफ केलं.

आठल्ये सरांचं मी इथं मुद्दाम सांगते. दुसरा कुणी असता तर चर्चा संपली म्हणून पडदे उघडले असते. सरांनी टेबलावरची आपली चाळीस पानं उचलली, नीट जुळवली, पिशवीत घातली आणि माईक माझ्या हातात दिला.

“मी हिला दहा महिने मेलेली धरून बसलो होतो,” ते सगळ्यांना म्हणाले. “आजचं व्याख्यान माळवदेबाई देतील. मी खाली बसून ऐकतो.”

आणि खरोखर जाऊन बसले, माझ्याच रिकाम्या खुर्चीवर.

मी आयुष्यात माईक धरला नव्हता. पण एकदा सुरू झाले ती पाऊण तास थांबले नाही. इन्स्पेक्टरची मालिका मी पार उसवून टाकली, नव्या कपड्यांवरून खुनी ओळखायची युक्ती सांगितली, लोक पोट धरून हसले. नवव्या भागात हात धरणाऱ्यांचं सांगितलं, तेव्हा एक रिटायर्ड तलाठी मागून म्हणाले, आमचा तर अजून धरायचा राहिलाय, आणि त्यांच्या बायकोनं त्यांना कोपर मारलं. न्हाणीघरवाल्या म्हातारीबद्दल बोलले. ती गिऱ्हाइकाच्या पाठीवरून त्याचं दुःख ओळखते, तसं मी मापं घेताना ओळखते, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. शेवटी किनूवर आले. म्हटलं, तिचं काय चुकलं, तिला काय कमी होतं, असं विचारू नका. तिला कमी काही नव्हतं म्हणूनच ती गेली. ज्याला काही कमी असतं तो मागतो, भांडतो, मिळालं की बसतो. तिला स्वतःचं दार हवं होतं, आणि ते सासूजवळ द्यायला नव्हतंच.

हे मी लोकांना सांगत होते आणि ऐकत मीच होते. मुकुंदला अकरा दिवसांपूर्वी द्यायचं उत्तर मला माईकवर सापडलं.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. वहिनी म्हणाली, वन्सं, तुम्ही आठल्ये सरांना गप्प केलंत म्हणे. मुकुंद हसत होता, त्याला अभिमान वाटला होता, ते दिसत होतं. मी चप्पलसुद्धा काढली नाही. किनू न बोलता गेली ती जपानी म्हणून. मी कराडची, मला न बोलता जमणार नव्हतं.

“मुकुंदा,” मी म्हटलं, “बुधवारी नाही म्हटलं होतं ते मी परत घेते. उद्या सकाळी मी बागवानकाकांकडं जाऊन सही करणार आहे. मशीन घेऊन जाणार आहे आणि वरच्या खोलीत राहणार आहे.”

त्याचं हसू गेलं. “आमचं काही चुकलं का, आक्का?”

“काहीही चुकलं नाही. तुम्ही दोघांनी मला फार नीट सांभाळलं. आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, मला सांभाळू नका. सणाला बोलवा, आजारी पडले तर या, आणि कपडे शिवायचे असतील तर दुकानात या. रांगेत थांबा.”

वहिनीला रांगेचं ऐकून हसू फुटलं आणि लगेच तिनं पदर डोळ्याला लावला. मुकुंद मात्र उठून आत गेला. जेवायला बसला तेव्हाही माझ्याकडं बघितलं नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण झोप शांत लागली.

सोमवारी सकाळी मी बागवानकाकांकडं गेले. त्यांनी कागद पुढं केला, मी वाचला आणि जिथं सांगितलं तिथं प्रमिला विठ्ठल माळवदे अशी अख्खी सही ठोकली. येताना टेम्पो ठरवून आणला. टेम्पोवाला म्हणाला, बाई, सामान दारात आणून ठेवा, गल्लीत गाडी वळत नाही.

बोळात येऊन मी मशीनचा पट्टा काढला, खुर्ची बाजूला केली आणि मशीन उचलायला वाकले. जुन्या धाटणीचं बिडाचं मशीन, एकटीला हलेना. तेवढ्यात मुकुंद ऑफिसचे कपडे घालून बोळात येऊन उभा राहिला. तो काय म्हणेल याची मला भीती वाटत होती. तो थांब म्हणाला असता तरी मी थांबणार नव्हते, पण तरी भीती वाटत होती.

त्यानं बाह्या वर सारल्या.

“एकटीनं उचलू नकोस, पाठ धरेल,” तो म्हणाला, आणि पलीकडून वाकून त्यानं मशीनची दुसरी बाजू धरली.